महाराष्ट्रातील विद्युत व्हीलचेअर

विद्युत व्हीलचेअर (बॅटरीवर चालणारी चाकाची खुर्ची) हे चालू न शकणाऱ्या आणि साधी चाकाची खुर्ची हातांनी फिरविण्याइतके बळही नसलेल्या व्यक्तींसाठीचे साहाय्यक साधन होय. मानेच्या भागातील मज्जारज्जूची इजा, स्नायुक्षय, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) किंवा अर्धांगवायू अशा अवस्थांत दुसऱ्या माणसाच्या मदतीविना हालचाल करण्याचा तो बहुधा एकमेव मार्ग असतो. महाराष्ट्रात हे साधन उपलब्ध आहे; तथापि त्याची किंमत बहुसंख्य गरजूंच्या आवाक्याबाहेर आहे. शासकीय अनुदान ठरावीक रकमेचे असते आणि किंमत मात्र अपंगत्वाच्या तीव्रतेनुसार वाढत जाते. परिणामी ज्याची गरज सर्वांत मोठी, त्यालाच स्वतःच्या खिशातून सर्वाधिक रक्कम भरावी लागते. गोंदियासारख्या ग्रामीण जिल्ह्यांत या रकमेत मोजमाप, दुरुस्ती आणि प्रवास यांच्या खर्चाची भर पडते.

संज्ञा आणि प्रकार

मराठीत ‘चाकाची खुर्ची’ हा शब्द रूढ आहे. कोल्हापूर येथील ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेच्या संस्थापिका नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाचे नावही ‘चाकाची खुर्ची’ हेच आहे. शासकीय पत्रव्यवहारात ‘व्हीलचेअर’ आणि ‘बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर’ हे शब्द वापरले जातात. ‘विद्युत खुर्ची’ हा शब्दप्रयोग मात्र टाळला जातो, कारण त्यातून देहदंडाच्या साधनाचा बोध होतो.

या साधनाचे ढोबळमानाने पुढील प्रकार पडतात:

• साधी विद्युत व्हीलचेअर: घडी घालता येणारा सांगाडा, दोन मोटारी, बॅटरी आणि हाताने हलवायची दांडी (जॉयस्टिक) एवढेच भाग असलेली. बसण्याची जागा स्थिर असते.

• आसन बदलणारी व्हीलचेअर: संपूर्ण आसन मागे कलणे, पाठ टेकण्याचा भाग झुकणे, पाय वर उचलले जाणे किंवा बसलेल्या व्यक्तीला उभे करणे या क्रिया मोटारीने होतात.

• विशेष नियंत्रण असलेली व्हीलचेअर: हात मुळीच न हलणाऱ्या व्यक्तीसाठी हनुवटी, डोक्याची हालचाल, नळीतून ओढलेला वा सोडलेला श्वास किंवा डोळ्यांची हालचाल यांवर चालणारी.

• जोडमोटार: साध्या खुर्चीला पुढून जोडावयाचे, विजेवर चालणारे चाक.

मोटारीची तीनचाकी सायकल हे याहून वेगळे साधन आहे. शासकीय शिबिरांत ‘बॅटरीवरील वाहन’ म्हणून बहुतेक वेळा तीच दिली जाते. ती रस्त्यावर चालविण्यासाठी असते. तिच्यावर चढून बसता येणे, धड सावरून धरता येणे आणि हातांनी दांडा वळविता येणे आवश्यक असते. पोलिओमुळे पायांत अशक्तपणा आलेल्या व्यक्तीला ती उपयुक्त ठरते. घराच्या दारातून आत नेणे, चुलीजवळ किंवा शौचालयापर्यंत जाणे तिच्या साहाय्याने शक्य होत नाही. चारही अवयव निकामी झालेल्या व्यक्तीला तर तिचा उपयोगच होत नाही. ‘साधन मिळाले’ अशी नोंद होऊनही व्यक्ती घरात पूर्वीप्रमाणेच परावलंबी राहते, त्याचे एक कारण या दोन साधनांतील गल्लत हे आहे.

इतिहास

अमेरिकेतील अभियंते हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज यांनी १९३० च्या दशकात घडी घालता येणारी पोलादी व्हीलचेअर तयार केली. एव्हरेस्ट हे स्वतः खाणीतील अपघातामुळे चालू शकत नव्हते. दुसऱ्या महायुद्धात मानेला इजा झालेले अनेक सैनिक नव्या औषधोपचारांमुळे वाचले. परंतु त्यांना हाताने चालवायची खुर्ची निरुपयोगी होती. त्यांच्यासाठी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील अभियंते जॉर्ज क्लाइन यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी विद्युत व्हीलचेअर विकसित केली. १९५६ मध्ये एव्हरेस्ट अँड जेनिंग्ज या कंपनीने मोठ्या प्रमाणावर तिचे उत्पादन सुरू केले. स्वीडनमध्ये डॉ. पेर उदेन यांनी १९६३ मध्ये ‘परमोबिल’ची स्थापना केली.

महाराष्ट्रात पुनर्वसनसेवेची परंपरा जुनी आहे. पुण्यातील कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये, तर मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये सुरू झाली. मज्जारज्जूची इजा झालेल्या सैनिकांसाठी खडकी येथे १९७४ मध्ये पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र स्थापन झाले. केंद्र शासनाने १९७२ मध्ये कानपूर येथे भारतीय कृत्रिम अवयव निर्माण निगमाची (अलिम्को) स्थापना केली. शासकीय योजनांत वाटली जाणारी बहुतांश साधने याच निगमात तयार होतात.

रचना आणि कार्य

बहुतेक विद्युत व्हीलचेअरमध्ये २४ व्होल्टची प्रणाली असते. त्यासाठी १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडतात किंवा लिथियम-आयन बॅटरी वापरतात. दोन्ही मुख्य चाकांना स्वतंत्र मोटार असते. एका चाकाचा वेग कमी आणि दुसऱ्याचा अधिक ठेवला, की खुर्ची वळते. त्यामुळे वेगळ्या सुकाणूची गरज उरत नाही. हे काम नियंत्रक (कंट्रोलर) हा इलेक्ट्रॉनिक भाग करतो. हात थरथरत असल्यास दांडीची अनावश्यक हालचाल दुर्लक्षित करणे, उतारावर वेग आवरणे आणि दांडी सोडताच ब्रेक लावणे हीही त्याचीच कामे होत.

विजेचा खर्च अत्यल्प असतो. २४ व्होल्ट आणि ४० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत ९६० वॉट-तास, म्हणजे सुमारे एक युनिट ऊर्जा साठते. चार्जिंगमधील गळती धरूनही एका पूर्ण चार्जिंगला दीड युनिटपेक्षा कमी वीज लागते.

आसन कलविण्याची सोय ही चैनीची बाब मानली जाण्याचा संभव असतो. वैद्यकीय दृष्ट्या मात्र ती महत्त्वाची आहे. संवेदना गेलेल्या व्यक्तीला एकाच जागी बसून राहिल्याने होणारी वेदना जाणवत नाही. दाबाखालील त्वचेचा रक्तपुरवठा खुंटतो आणि तेथे दाबव्रण (बेडसोर) होतात. निरोगी माणूस नकळत कूस बदलतो. चारही अवयव निकामी झालेल्या व्यक्तीसाठी ते काम कोणीतरी माणसाने किंवा आसनाच्या मोटारीने करावे लागते. दाबव्रण खोलवर गेल्यास जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया आणि दीर्घ रुग्णालयवास ओढवतो. प्रसंगी मृत्यूही येतो.

किंमत

भारतातील किमती उत्पादक, बॅटरीचा प्रकार आणि सोयींनुसार बदलतात. सर्वसाधारण पल्ला पुढीलप्रमाणे आढळतो:

• हाताने चालवायची साधी खुर्ची: सुमारे ५ ते १५ हजार रुपये.

• साधी विद्युत व्हीलचेअर: सुमारे ४० हजार ते दीड लाख रुपये.

• उभी होणारी किंवा आसन बदलणारी देशी विद्युत व्हीलचेअर: सुमारे एक ते तीन लाख रुपये.

• आयात केलेली, आसन बदलणारी आणि विशेष नियंत्रणाची व्हीलचेअर: सुमारे पाच लाख रुपयांपासून पुढे, सोयी वाढत गेल्यास दहा लाखांहूनही अधिक.

किंमत वाढण्याची कारणे

पहिले कारण अल्प उत्पादनसंख्या हे होय. लाखोंच्या संख्येने बनणाऱ्या विद्युत दुचाकीच्या संशोधनाचा व साच्यांचा खर्च प्रत्येक वाहनावर थोडा थोडा विभागला जातो. काही शेकड्यांत विकल्या जाणाऱ्या खुर्चीवर तो मोठ्या प्रमाणात पडतो. दुसरे कारण, प्रगत खुर्ची एका विशिष्ट व्यक्तीच्या मापाची असते. नितंबांची रुंदी, मांडीची लांबी, पाठीचा बाक, मानेचा आधार आणि कार्यक्षम उरलेला अवयव यांचा विचार करून ती जुळवावी लागते. तिसरे कारण चाचण्यांचे आहे. खुर्ची उतारावर उलटू नये, ब्रेक निकामी होऊ नये, भ्रमणध्वनीच्या लहरींनी नियंत्रक बिघडू नये यांसाठी आयएसओ ७१७६ ही आंतरराष्ट्रीय मानकमालिका आहे आणि तिच्यातील चाचण्या खर्चिक असतात. आयात खुर्चीच्या बाबतीत चलनाचा दर, वाहतूक आणि वितरकाचा नफा यांची भर पडते.

करांचाही काही भाग आहे. अपंगांच्या वाहनांवर, ती मोटारीची असोत वा नसोत, वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. बॅटरी मात्र स्वतंत्रपणे विकत घेतल्यास ती सामान्य वस्तू ठरते. शिसे-आम्ल बॅटरीवर सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के कर होता. त्यानंतर तो १८ टक्के झाला. नव्या खुर्चीवर सवलत आणि तिला चालू ठेवणाऱ्या सुट्या भागावर पूर्ण कर, अशी ही विसंगती आहे.

खरेदीनंतरचा खर्च

शिसे-आम्ल प्रकारच्या बॅटऱ्या नियमित वापरात साधारणतः एक ते दोन वर्षे टिकतात. लिथियम बॅटरी अधिक टिकते, पण महाग असते. याखेरीज टायर, पुढची लहान चाके, उशी, चार्जर आणि दांडी हे भाग झिजतात. नियंत्रक बिघडल्यास तो बहुधा त्याच कंपनीचा घ्यावा लागतो. एकदा दिल्या जाणाऱ्या अनुदानात या आवर्ती खर्चाची तरतूद नसते. त्यामुळे दान किंवा अनुदान म्हणून मिळालेली खुर्ची पहिली बॅटरी संपताच कोपऱ्यात पडून राहण्याचा धोका असतो.

आर्थिक साहाय्य

केंद्र शासन

दिव्यांग व्यक्तींना साधने पुरविणारी केंद्राची ‘ॲडिप’ ही मुख्य योजना १९८१ पासून राबविली जाते. १ एप्रिल २०१४ पासूनच्या सुधारित नियमांनुसार सर्वसाधारण साधनासाठी १० हजार रुपयांपर्यंत साहाय्य ठरविण्यात आले. मासिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत असल्यास साधन पूर्णपणे विनामूल्य आणि १५,००१ ते २० हजार असल्यास निम्म्या किमतीत देण्याची तरतूद होती. चारही किंवा तीन अवयव अथवा शरीराची एक बाजू तीव्र बाधित असलेल्या, १६ वर्षांवरील व्यक्तींसाठी मोटारीची तीनचाकी किंवा व्हीलचेअर या साधनांकरिता अनुदानाची मर्यादा २५ हजार रुपये ठेवण्यात आली. योजनेच्या मर्यादांमध्ये पुढे वाढ झाली, तरी ठरावीक रक्कम देण्याचे तिचे मूळ स्वरूप कायम राहिले.

या स्वरूपाचा परिणाम २०१४ च्या मर्यादेवरून स्पष्ट होतो. त्या काळात अलिम्कोच्या मोटारीच्या तीनचाकीची किंमत सुमारे ३७ हजार रुपये होती. २५ हजारांच्या अनुदानातून तिचा दोन तृतीयांश भाग भागत असे आणि उरलेले १२ हजार रुपये खासदार निधी, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी किंवा लाभार्थी यांच्याकडून येत. एक लाखाच्या विद्युत व्हीलचेअरसाठी तेच अनुदान किमतीच्या चौथ्या हिश्श्याएवढे होते आणि दहा लाखांच्या खुर्चीसाठी अवघे अडीच टक्के. ज्याचे हात चालतात त्याला १२ हजारांची तूट भरून काढावयाची असते. ज्याची केवळ मान हलते त्याला पावणेदहा लाखांची. १६ वर्षांच्या अटीमुळे स्नायुक्षय झालेली मुलेही या सोयीपासून दूर राहतात. ड्युशेन प्रकारच्या स्नायुक्षयात मुलाचे चालणे सामान्यतः बारा-तेरा वर्षांच्या सुमारास थांबते. म्हणजे शाळेच्या वर्षांतच, अनुदानास पात्र होण्यापूर्वी, त्याला या खुर्चीची गरज भासते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे. सामाजिक सुरक्षेविषयीच्या कलम २४ मध्ये विहित उत्पन्नमर्यादेत साधने विनामूल्य देण्याचा उल्लेख आहे; परंतु कोणत्या दर्जाचे साधन द्यावे, हे त्यात निश्चित केलेले नाही.

रुग्णालयीन उपचारांचा खर्च उचलणाऱ्या आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत घरी वापरावयाच्या व्हीलचेअरची खरेदी येत नाही. खासगी आरोग्य विम्यातही अशी साधने साधारणतः वगळलेली असतात. त्यामुळे मणक्याच्या शस्त्रक्रियेचा मोठा खर्च योजनेतून होतो आणि रुग्ण घरी परतल्यावर ज्या साधनावर त्याचे पुढील आयुष्य अवलंबून असते, ते मात्र कुटुंबावर सोपविले जाते. प्राप्तिकर कायद्यानुसार मिळणारी ७५ हजार आणि तीव्र अपंगत्वासाठी सव्वा लाख रुपयांची वजावट केवळ करपात्र उत्पन्न असलेल्यांनाच उपयोगी पडते.

महाराष्ट्र शासन आणि स्थानिक संस्था

महाराष्ट्र शासनाने ३ डिसेंबर २०२२ रोजी, जागतिक दिव्यांग दिनी, स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग कार्यान्वित केला. ग्रामपंचायत, नगर परिषद, महानगरपालिका आणि जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावा, असा राज्यात नियम आहे. मात्र ही टक्केवारी संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाची असते. वर्षाला चार लाख रुपये घरपट्टी व पाणीपट्टी जमा होणाऱ्या एखाद्या लहान ग्रामपंचायतीच्या बाबतीत ती २० हजार रुपये भरते आणि ही रक्कमही गावातील सर्व दिव्यांगांमध्ये वाटावयाची असते. मुंबई किंवा पुण्याच्या महानगरपालिकेच्या ५ टक्क्यांशी तिची तुलना होऊ शकत नाही. एकच नियम असूनही दिव्यांगाला मिळणारे साहाय्य अशा रीतीने त्याच्या गावाच्या उत्पन्नावर ठरते.

राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळामार्फत हरित ऊर्जेवर चालणारे फिरते दुकान (ई-वाहन) देण्याची योजना आहे. ती रोजगारासाठी असून घरातील हालचालीसाठी नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरील पात्र नागरिकांना साधनांसाठी एकदाच ३ हजार रुपये मिळतात. विद्युत साधनासाठी ही रक्कम अपुरी आहे.

१९८० मध्ये सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दिव्यांग व्यक्तींना मासिक अर्थसाहाय्य मिळते. ते २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले आणि दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. या दराने एक लाखाच्या खुर्चीसाठी चाळीस महिन्यांचे संपूर्ण साहाय्य लागेल. दहा लाखांच्या खुर्चीसाठी तेहतीस वर्षे चार महिने. या योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे. म्हणजे तिच्या लाभार्थी कुटुंबाच्या दृष्टीने साधी विद्युत व्हीलचेअरही सुमारे एक ते तीन वर्षांच्या सगळ्या उत्पन्नाइतकी महाग ठरते.

गोंदिया जिल्ह्यातील परिस्थिती

गोंदिया हा महाराष्ट्राच्या अतिपूर्वेकडील, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमेवरील जिल्हा आहे. तो १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. गोंदिया, गोरेगाव, तिरोडा, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे त्याचे आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १३,२२,५०७ असून पाचांपैकी चारांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहतात. धानाची शेती आणि भातगिरण्या हा अर्थव्यवस्थेचा आधार आहे. पूर्वेकडील वनक्षेत्रात तेंदूपाने आणि मोहफुले यांचे संकलन हे पूरक उत्पन्नाचे साधन आहे.

विद्युत व्हीलचेअरच्या किमतीचा प्रश्न अशा जिल्ह्यात चार बाबींमुळे अधिक बिकट होतो.

पहिली बाब मोजमापाची. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत व्हीलचेअर देण्याचे आठ टप्पे सांगितले आहेत: नोंदणी, तपासणी, योग्य खुर्चीची शिफारस, निधी व मागणी, खुर्चीची तयारी, अंगाला जुळविणे, वापराचे शिक्षण आणि देखभाल व दुरुस्ती. ही तत्त्वे हाताने चालवायच्या खुर्च्यांसाठी लिहिलेली असली, तरी विद्युत खुर्चीला ती अधिकच लागू पडतात. गोंदिया येथे कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय असून २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. तथापि पुनर्वसनाच्या विशेष सेवांसाठी नागपूरकडेच पाहावे लागते. तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (एम्स) आणि दिव्यांगांसाठीचे संयुक्त क्षेत्रीय केंद्र आहे. गोंदिया ते नागपूर हे रेल्वेचे अंतर सुमारे १३० किलोमीटर आहे. हावडा-मुंबई मार्गावरील गोंदिया जंक्शन, तिरोडा, आमगाव आणि सालेकसा येथून रेल्वे उपलब्ध असली, तरी देवरी आणि सडक अर्जुनी यांसारखी ठिकाणे रस्त्यावरच अवलंबून आहेत. एस. टी.च्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. परंतु साध्या बसच्या उंच पायऱ्यांवरून चारही अवयव निकामी झालेल्या व्यक्तीला उचलूनच न्यावे लागते. त्यामुळे भाड्याची गाडी करावी लागते, सोबतच्या माणसाची मजुरी बुडते आणि तपासणी, जुळवणी व दुरुस्ती अशा प्रत्येक टप्प्याला हाच खर्च पुन्हा येतो.

दुसरी बाब दुरुस्तीची. उत्पादकांची सेवाकेंद्रे प्रामुख्याने महानगरांत आहेत. बॅटरी, टायर, बेअरिंग आणि तारा यांची कामे तालुक्याच्या गावातील दुचाकी व ई-रिक्षा दुरुस्त करणाऱ्या कारागिराला जमू शकतात. नियंत्रक आणि दांडी यांची दुरुस्ती मात्र त्याच्या आवाक्यात नसते. म्हणून सर्वत्र मिळणारी बॅटरी आणि टायर वापरणारी खुर्ची, सोयी थोड्या कमी असल्या तरी, ग्रामीण भागात दीर्घकाळ उपयोगी पडते.

तिसरी बाब घर आणि रस्त्याची. अरुंद दार, उंच उंबरठा, ओसरीच्या पायऱ्या आणि अंगणाच्या टोकाला असलेले शौचालय अशी अनेक जुन्या घरांची रचना असते. शहरी फरशीसाठी बनलेली खुर्ची शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीवर रुतते. जून ते सप्टेंबर या काळात धानाच्या बांध्यांमधील पायवाटा चिखलाने भरतात. मोठ्या चाकांची व जादा शक्तीची खुर्ची घेतल्यास किंमत आणि वजन दोन्ही वाढतात. उंबरठा काढणे, दार रुंद करणे आणि उतरण बांधणे हा खर्च खुर्चीच्या किमतीत धरला जात नाही. पण तो केल्याविना खुर्ची दाराबाहेरच राहते.

चौथी बाब कागदपत्रांची. योजनांच्या लाभासाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र आवश्यक असते. मोटारीच्या साधनांसाठी शिबिरांत सामान्यतः ८० टक्क्यांची अट असते. ज्यांना हलणे सर्वांत कठीण, त्यांनाच तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी यावे लागते. त्यातच शिबिर ठरावीक तारखेला होत असल्याने ते हुकल्यास पुढील शिबिराची प्रतीक्षा करावी लागते.

किंमत कमी करण्याचे प्रयत्न

भारतीय तंत्रज्ञान संस्था (आयआयटी) मद्रास येथील प्रा. सुजाता श्रीनिवासन यांच्या मार्गदर्शनाखालील पुनर्वसन साधन संशोधन केंद्राने या क्षेत्रात उल्लेखनीय काम केले आहे. २०१९ मध्ये ‘अराइज’ ही हाताने उभी करता येणारी खुर्ची सुमारे १५ हजार रुपयांत आणण्यात आली. २०२१ मध्ये ‘नियोमोशन’ या नवउद्यमाने व्यक्तीच्या मापानुसार बनविलेली ‘नियोफ्लाय’ ही खुर्ची ३९,९०० रुपयांना आणि तिला जोडावयाचा ‘नियोबोल्ट’ हा मोटारीचा भाग ५५ हजार रुपयांना उपलब्ध करून दिला. एका चार्जिंगमध्ये सुमारे २५ किलोमीटर जाणारी ही जोडी घरात साधी खुर्ची आणि रस्त्यावर वाहन असे दुहेरी काम करते. मात्र ती चालविण्यासाठी दोन्ही हात कार्यक्षम असावे लागतात. २०२५ मध्ये विजेवर उभी होणारी ‘नियोस्टँड’ ही खुर्ची एक लाखाच्या आतील किमतीत आली. त्याच सुविधेच्या परदेशी खुर्च्यांची किंमत अनेक पट असल्याने, किमतीतील मोठा भाग तंत्रज्ञानाचा नसून अल्प उत्पादनाचा व आयातीचा असतो, हे या प्रयत्नांतून दिसून आले. हनुवटी, श्वास किंवा डोळ्यांवर चालणाऱ्या खुर्च्यांच्या बाबतीत मात्र स्वस्त देशी पर्याय अद्याप मर्यादित आहेत.

साधन विकत देण्याऐवजी तालुका पातळीवर साधनपेढी ठेवून खुर्च्या वापरायला देणे, वाढत्या वयाच्या मुलांच्या खुर्च्या परत घेऊन दुसऱ्याला जुळविणे, अनुदानात दर दोन वर्षांनी बॅटरीची तरतूद करणे आणि स्थानिक कारागिरांना प्रशिक्षण देणे हे पर्यायही सुचविले जातात.

इतर देशांतील व्यवस्था

ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेमार्फत तपासणीनंतर गरजेनुसार व्हीलचेअर वापरायला दिली जाते. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०१९ पासून पात्र व्यक्तींना ‘वैयक्तिक व्हीलचेअर अंदाजपत्रक’ मिळण्याचा हक्क आहे. अमेरिकेत मेडिकेअर ही शासकीय विमायोजना मान्य किमतीच्या ८० टक्के रक्कम देते, परंतु खुर्चीची गरज घराच्या आत असली पाहिजे, अशी तिची अट आहे.

निधीची व्यवस्था नसल्यास उत्तम तंत्रज्ञानही टिकत नाही, याचे उदाहरण म्हणून ‘आयबॉट’ या खुर्चीचा उल्लेख केला जातो. अमेरिकी संशोधक डीन केमन यांनी विकसित केलेली ही खुर्ची जिने चढत असे आणि दोन चाकांवर तोल सांभाळून बसलेल्या व्यक्तीला उभ्या माणसाच्या उंचीवर नेत असे. २००३ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. किंमत सुमारे २५ हजार डॉलर होती. विमायोजनांनी तिच्या विशेष सोयींचा खर्च उचलला नाही, विक्री मर्यादित राहिली आणि २००९ मध्ये उत्पादन थांबले. नव्या रूपात ती २०१९ मध्ये पुन्हा बाजारात आली.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात २५० कोटींहून अधिक लोकांना किमान एका साहाय्यक साधनाची गरज आहे आणि त्यांपैकी सुमारे १०० कोटींना ते मिळत नाही. काही गरीब देशांत गरजूंपैकी केवळ ३ टक्के लोकांपर्यंत साधने पोहोचतात, तर श्रीमंत देशांत हे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत आहे. भारताच्या २०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ५४ लाखांना हालचालीचे अपंगत्व होते. महाराष्ट्रातील एकूण दिव्यांगांची संख्या २९ लाख ६३ हजार होती. यांपैकी किती जणांना विद्युत व्हीलचेअरची आवश्यकता आहे, याची विभागणी जनगणनेच्या प्रश्नावलीत नव्हती. गरजेच्या तीव्रतेनुसार अनुदान ठरवावयाचे असल्यास अशी गणना ही पहिली पायरी ठरते.

हे सुद्धा पहा

• चाकाची खुर्ची
• दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६
• संजय गांधी निराधार अनुदान योजना
• मज्जारज्जू
• नसीमा हुरजूक
• गोंदिया जिल्हा